परत करावयाची मोटार

दुसऱ्याची वस्तु वापरावयास घेतली म्हणजे ती परत करण्याचा दिवस केव्हां तरी उगवतोच. शेजारणीकडून आणलेलें पातेलें घासून-पुसून, आणि शक्य तर त्यांत चार लाडू घालून, परत पाठवावें ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. त्या पातेल्यावर आपलें नांव घालून मात्र तें कोणी परत पाठवीत नाहीं. भांड्याच्या बाबतींत हें कोणी कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु तीच वस्तु दहा-बारा लाखांची मोटार असली, चार वर्षें आपल्या दारांत उभी असली आणि दरमहा आपल्या पगारांतून तिचें भाडें जात असलें, म्हणजे ती दुसऱ्याची आहे याचा हळूहळू विसर पडूं लागतो. हा विसर किती महाग पडतो आणि तो कसा टाळावा, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मोटार विकत न घेतां ती मुदतीच्या भाडेपट्ट्यानें घेण्याची पद्धति मोठ्या शहरांतून आतां सातारा-सांगलीकडेही आली आहे. बहुधा ती नोकरीच्या वाटेनें येते. पट्टा देणारी कंपनी मोटार विकत घेते. नोकरदार मनुष्य ती तीन, चार किंवा पांच वर्षें वापरतो. भाडें त्याच्या पगारांतून वळतें होतें. मुदत संपली कीं मोटार परत करावयाची, किंवा करारांत तशी सोय असेल तर ठरलेली किंमत देऊन ती स्वतः ठेवून घ्यावयाची. पाटीवर सातारचा ११ हा आंकडा असो, सांगलीचा १० असो, कीं कऱ्हाडचा ५० असो, रस्त्यावरून जाणाऱ्यास ती कोणाची हें कळत नाहीं. आणि खरी गोम येथेंच आहे. वापरणाऱ्यालाही तें कळेनासें होतें.

माझ्या भाच्याचीच हकीकत सांगतों. तो सांगलीस विश्रामबागेंत राहतो; त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, सातारला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं राहते. दर शनिवारीं पेठनाका, कऱ्हाड करीत त्यानें सातारला यावें आणि रविवारीं रात्रीं परत जावें, असा क्रम. त्यासाठीं त्यानें चार वर्षांच्या पट्ट्यानें एक पांढरी मोटार घेतली. पहिल्याच दिवाळीला तिला नटविण्याची हौस आली. मोठीं चकचकीत चाकें व रुंद टायर यांना ६८,००० रुपये, गाण्याच्या नव्या यंत्राला ३५,०००, आसनांच्या आवरणांना १४,०००, टपावरच्या कॅरिअरला ९,००० आणि कांचांवरच्या फिल्मला ६,००० असे एकूण १,३२,००० रुपये गेले. मूळचीं चाकें त्यानें त्याच दुकानदाराला देऊन टाकलीं. घरांत ठेवावयास जागा नव्हती, आणि “आपल्याला आतां त्यांचा काय उपयोग?” असें त्यास वाटलें.

या ‘आपल्याला’ शब्दाचा हिशेब चार वर्षांनीं झाला. मोटार परत घेणारा तपासनीस आला, त्यानें ताबा देतांनाची यादी काढली आणि मोटारीभोंवतीं दोन फेऱ्या घातल्या. मूळचीं चाकें नाहींत, म्हणून तशीं चाकें आणण्याचे ४४,०००. टपाला चार भोंकें पडलेलीं व त्यांच्या कडांना गंज, त्याचे १८,०००. गाण्याच्या यंत्रासाठीं मूळच्या तारा मध्येंच कापून जोडलेल्या, तो जुडगा बदलण्याचे १२,५००. कांचांवरील फिल्म व तिचा चिकटा काढण्याचे २,५००. एकूण ७७,००० रुपये. नवीं चाकें विकून त्याला २५,००० व गाण्याचें यंत्र विकून १२,००० मिळाले. पहिला खर्च व शेवटचा दंड मिळून २,०९,०००. त्यांतून हे ३७,००० वजा जातां १,७२,००० उरले. अठ्ठेचाळीस महिन्यांवर ते वांटले तर महिन्याला सुमारें साडेतीन हजार होतात. म्हणजे भाड्याशिवाय हें एक दुसरें भाडें तो चार वर्षें नकळत भरीत होता, आणि शेवटीं हातांत उरलें कांहींच नाहीं.

तथापि त्याच मोटारीला त्यानें आणखी एक गोष्ट बसविली होती, आणि तिच्याबद्दल एक पैसाही पडला नाहीं. ती कोणती, हें मी शेवटीं सांगेन. प्रथम या व्यवहारामागील न्याय पाहूं.

भाडेपट्ट्याच्या मोटारीचा मालक कोण? या प्रश्नाला कायदा दोन उत्तरें देतो, आणि दोन्हीं खरीं आहेत. रस्त्यावरील जबाबदारीपुरतें पाहिलें तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत ‘मालक’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्याप्रमाणें पट्ट्याच्या, भाडेखरेदीच्या किंवा गहाणाच्या मोटारीबाबत ज्याच्या ताब्यांत ती त्या कराराखालीं असेल तोच मालक समजला जातो. उलट मालमत्ता म्हणून पाहिलें तर मोटार पट्टा देणाऱ्याचीच राहते. म्हणजे पट्टा घेणारा हा जबाबदारीचा मालक, पण वस्तूचा मालक नव्हे. दंडाची पावती त्याच्या वांट्याला. मोटारीला भोंक पाडण्याचा अधिकार मात्र त्याच्या वांट्याला नाहीं. नोंदणीच्या पुस्तकांतही पट्ट्याची नोंद असते. ती एकदां तरी डोळ्यांखालून घालावी.

दुसऱ्याची जंगम वस्तु कांहीं कामासाठीं ताब्यांत घेणें आणि काम झाल्यावर परत करणें, या व्यवहाराचे नियम आपल्याकडे १८७२ च्या करारांच्या कायद्यांत आहेत. कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी. मनुस्मृतींत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत त्यांत ऋणादानानंतर लगेच ‘निक्षेप’ येतो. दुसऱ्याच्या हातीं विश्वासानें दिलेली वस्तु ही आपल्या समाजांत नेहमींच तंट्याची आणि म्हणून नियमाची बाब होती. १८७२ चा कायदा म्हणतो कीं अशी वस्तु घेणाऱ्यानें तिची काळजी एखादा सामान्य शहाणा मनुष्य तशाच आपल्या स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यावी. तितकी घेतली असतां, करारांत निराळें ठरलें नसेल तर, नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाहीं. मात्र ठरलेल्या शर्तींविरुद्ध वापर केला तर काळजी घेऊनही सुटका नाहीं.

या कायद्याचें एक वैशिष्ट्य असें कीं तो कलमाखालीं छोटे छोटे दाखले देतो, आणि ते गोष्टीसारखे मनांत राहतात. एका मनुष्यानें कलकत्त्यास घोडा भाड्यानें घेतला तो काशीस जाण्यासाठीं म्हणून. तो स्वार नीट संभाळून गेला, पण काशीऐवजीं कटकेस गेला. वाटेंत घोडा अकस्मात् पडून जायबंदी झाला. भरपाई स्वारानेंच द्यावयाची. कारण काळजी होती, पण ठरलेला मार्ग सोडला होता. कुटुंबाच्या वापरासाठीं घेतलेली मोटार उतारूंच्या भाड्याला लावणाऱ्यानें हा घोडा आठवावा.

आपल्या विषयाला याहून जवळचे दोन दाखले आहेत. पहिला कापसाच्या गठ्ठ्यांचा. विशिष्ट खुणेचे शंभर गठ्ठे एकानें दुसऱ्याकडे ठेवले; दुसऱ्यानें न विचारतां त्यांत आपले निराळ्या खुणेचे गठ्ठे मिसळले. खुणा वेगळ्या असल्यानें गठ्ठे निवडतां येतात. म्हणून ज्याचे त्याला परत मिळतात, परंतु निवडण्याचा सारा खर्च मिसळणाऱ्यानें सोसावयाचा. दुसरा दाखला पिठाचा. पंचेचाळीस रुपये किंमतीच्या केपच्या पिठाचें एक पिंप एकानें दुसऱ्याकडे ठेवलें. त्यानें न विचारतां त्यांत आपलें पंचवीस रुपयांचें देशी पीठ मिसळलें. आतां पीठ कोण निवडणार? येथें मूळ पिठाचीच भरपाई द्यावी लागते.

हे दाखले मालाच्या सरमिसळीचे आहेत, आणि मोटारीच्या बाबतींत प्रथम तिचा करार बोलतो, हें खरें. पण त्यांतला न्याय किती सोपा आहे पाहा. आसनांवर घातलेलें आवरण म्हणजे निराळ्या खुणेचा गठ्ठा. काढलें, घडी केली, घरीं नेलें. टपाला पाडलेलें भोंक, मध्येंच कापलेली तार, मोटारीला दिलेला दुसरा रंग, हें पिठांत मिसळलेलें पीठ. मोटारीला कांहीं लावण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःला एवढेंच विचारावें कीं हा गठ्ठा आहे कीं पीठ? निम्मे तंटे तेथेंच मिटतील.

भाड्याच्या घराचा नियमही समजून घेण्याजोगा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतराच्या कायद्याप्रमाणें पट्टा घेणाऱ्यानें जमिनीला जोडलेल्या आपल्या वस्तु, जागा त्याच्या ताब्यांत आहे तोंपर्यंत काढून नेतां येतात. अट एकच, जागा जशी मिळाली तशी मागें ठेवली पाहिजे. साधारण वापरानें होणारी झीज त्याच्या माथीं मारली जात नाहीं. मोटार ही जंगम वस्तु असल्यानें हा कायदा तिला लागू नाहीं. परंतु ‘ताब्यांत आहे तोंपर्यंत’ या शब्दांतला शहाणपणा तिलाही उपयोगी पडतो. जें आपलें काढावयाचें तें किल्ली देण्यापूर्वीं काढावें. किल्ली दिल्यावर आपल्या गाण्याच्या यंत्रासाठीं हेलपाटे घालणें हें केवळ मानहानीचें काम आहे.

येथपर्यंत आपण पट्टा देणारा व घेणारा या दोघांचाच विचार केला. तिसरा एक पक्ष आहे, तो म्हणजे सरकार. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीच्या पुस्तकांतील तपशील कारखानदारानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं जुळेनासा होईल असा फेरफार मोटारींत करण्यास मनाई केली आहे. जानेवारी २०१९ मध्यें केरळांतील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हा नियम स्पष्टपणें उचलून धरला. मान्यताप्राप्त संच बसवून मोटार दुसऱ्या इंधनावर नेण्यासारखे कांहीं फेरफार परवानगीनें होऊं शकतात. रंग बदलला तर त्याची नोंद करून घ्यावी लागते. भाडेखरेदीच्या मोटारीबाबत तर त्याच कलमांत असें सांगितलें आहे कीं नोंदलेल्या मालकाच्या लेखी संमतीवांचून ती वापरणाऱ्यानें फेरफार करूं नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला, प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीं, अशी शिक्षा आहे. आणि मघां सांगितलेली ‘मालक’ शब्दाची व्याख्या येथें आठवावी. ती शिक्षा मोटार ताब्यांत बाळगणाऱ्याला शोधीत येते.

दोन उदाहरणें रोजच्या पाहण्यांतलीं आहेत. पहिलें कांचांवरच्या काळ्या फिल्मचें. नियमाप्रमाणें पुढच्या व मागच्या कांचेंतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें याच नियमावर बोट ठेवून काळ्या फिल्मविरुद्ध निकाल दिला होता. दुसरें उदाहरण पुढच्या बाजूस लावावयाच्या जाड लोखंडी नळ्यांचें. मोटारीच्या पुढील भागाची घडण धडकेचा जोर चिरडून जिरवील अशी केलेली असते. नळी तो जोर थेट सांगाड्यावर नेते आणि पायीं चालणाऱ्यास अधिक इजा करते. डिसेंबर २०१७ मध्यें केंद्र सरकारनें राज्यांना या नळ्यांविरुद्ध कारवाई करण्यास लिहिलें, तें ५२ व्या कलमाचाच आधार घेऊन.

आतां यंत्राच्या दृष्टीनें पाहूं. कारण कायद्याहून यंत्र कडक असतें. मोठ्या चाकांचेंच घ्या. मूळच्या चाकाचा टायरसह व्यास ६० सेंटिमीटर आहे व नव्याचा ६३, असें समजा. पहिलें चाक एका फेऱ्यांत सुमारें १८८ सेंटिमीटर पुढें जातें, दुसरें १९८. मोटारींतला अंतर मोजणारा कांटा चाकाचे फेरे मोजतो. फेरा लांबला हें त्या बिचाऱ्याला कळत नाहीं. इतर गोष्टी सारख्या धरल्या तर कांटा ताशीं ८० दाखवीत असतां मोटार खरोखर ८४ नें धांवत असते. ब्रेकचा जोर तोच असतो, पण चाकाची त्रिज्या वाढल्यानें रस्त्यावर तो वीसांत एक भाग कमी पडतो. खंबाटकीचा किंवा पसरणीचा घाट उतरतांना हा एक भाग किती मोलाचा आहे हें सांगावयास नको. याशिवाय पट्ट्यांत बहुधा एकूण किलोमीटरांची मर्यादा असते, व तिच्या पलीकडे जादा आकार पडतो. ६०,००० दाखविणारा कांटा अशा चाकांवर प्रत्यक्षांत ६३,००० चाललेला असेल. वापरणाऱ्याच्या मनांत तसें कांहीं नसलें तरी तपासनिसाला हें दिसतें, आणि मग प्रामाणिक मनुष्यावरही नसता संशय येतो.

दिव्यांचेंही तसेंच. पुष्कळ मोटारींत मोठ्या उजेडाचा दिवा ६० वॅटचा असतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो पांच अँपियर प्रवाह घेतो. त्या जागीं कोणी १०० वॅटचा बसविला तर प्रवाह सव्वाआठ अँपियरच्या वर जातो. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे त्याच तारेंत ती पावणेतीन पट होते. तार ठिसूळ होते, जोडाचें प्लॅस्टिक वितळतें, दिव्याचा आरसा काळवंडतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर अंधारी येते ती वेगळीच. आसनाच्या आवरणासारखी निरुपद्रवी वस्तुही पाहून घ्यावी. कांहीं मोटारींत अपघाताच्या वेळीं फुगणारी हवेची पिशवी आसनाच्या कुशीच्या शिवणींतून बाहेर येते. जाड आवरण तिची वाट अडवतें. या सर्वांवर आणखी एक गोष्ट अशी कीं तारा कापून कांहीं जोडल्यास कारखानदाराची हमी त्या भागापुरती नाकारली जाऊं शकते, आणि पट्ट्याच्या मोटारींत हमी गमावणें म्हणजे दुसऱ्याचें धन गमावणें होय.

सांगलीकरांना विम्याविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांच्या वर चढलें, आणि जुलै २०२१ मध्यें शहरानें पुन्हां पूर पाहिला. अशा वेळीं दारांत उभ्या असलेल्या मोटारीचें नुकसान विम्यांत बसतें तें मोटारीच्या मूळ तपशिलाप्रमाणें. मागाहून बसविलेल्या वस्तु विमा कंपनीस कळवून, त्यांचा जादा हप्ता भरून नोंदविलेल्या नसतील, तर त्यांची भरपाई मिळत नाहीं. आणि न कळविलेल्या मोठ्या फेरफारामुळें मूळ दाव्यावरही हरकत येऊं शकते. पाण्यांत बुडालेली मोटार चालू करून पाहण्याचा मोह तर कधींही करूं नये. इंजिनांत शिरलेलें पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. आंतले दांडे वांकतात, आणि हें नुकसान साध्या विम्यांत बहुधा धरीत नाहींत. मोटार आपली असती तर हा तोटा आपल्यापुरता राहिला असता. येथें तो पट्टा देणाऱ्यास भरून द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, “आम्ही मोटार सुधारलीच ना? तिची किंमत वाढली नाहीं काय?” आपल्या भागांत हा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण आपण जमिनीचा न्याय जाणतों. १९४८ च्या मुंबई कुळकायद्यानें कुळानें लावलेल्या झाडांवर त्याचा हक्क मानला, आणि कूळ निघाल्यास त्या झाडांबद्दल भरपाईची तजवीज केली. तें योग्यच होतें. कुळानें लावलेला आंबा पुढच्या प्रत्येक माणसाला फळ देतो. मोटारीचें तसें नाहीं. माझ्या भाच्याला आवडलेलें चकचकीत चाक पुढच्या गिऱ्हाइकाला आवडेलच असें नाहीं. शिवाय फेरफार केलेली मोटार घेतांना तो मनांत म्हणतो कीं हिला आणखी काय काय केलें असेल कोण जाणे. जमिनीवरची मेहनत जमिनींत मुरते. मोटारीवरची हौस मोटारींत मुरत नाहीं.

आपल्याच शिवारांत याचें एक चांगलें उदाहरण दर हिंवाळ्यांत दिसतें. कृष्णाकांठच्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडावयास मराठवाड्यांतून मजूर येतात. त्यांतील पुष्कळांचे बैल स्वतःचे असतात, आणि रबरी टायरची गाडी मात्र कारखान्याची, भाड्यानें घेतलेली. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला कीं गाडी परत होते व मोडतोडीचा हिशेब होतो. गाडीवानाची हौस पाहा कोठें असते ती. बैलाच्या शिंगांना रंग, गळ्यांत घुंगरमाळ, कपाळावर गोंडा. सारें बैलावर; कारण बैल त्याच्याबरोबर गांवीं जावयाचा असतो. ज्याची उचल फेडतां फेडतां हंगाम सरतो, त्याला आपलें काय आणि परत द्यावयाचें काय, हें आपल्यापेक्षां स्पष्ट ठाऊक असतें.

आतां मोटार घेतांना व परत देतांना काय करावें तें थोडक्यांत सांगतों. ताबा घेतांना मोटारीच्या चारही बाजूंचीं, टपाचीं, चाकांचीं, आसनांचीं आणि किलोमीटरच्या कांट्याचीं छायाचित्रें तारखेसह काढून ठेवावीं. यादीवर दोघांच्या सह्या असाव्या. करारांत ‘साधारण झीज’ म्हणजे काय याची व्याख्या आहे कीं नाहीं हें पाहावें; किती लांबीचा ओरखडा चालेल, टायरची खांच किती उरली पाहिजे, हें आंकड्यांत लिहिलेलें असेल तर पुढें वाद उरत नाहीं. कांहींही लावावयाचें झाल्यास आधीं पत्र लिहावें आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबावें. तोंडी होकार देणारा मनुष्य चार वर्षांनीं त्या जागेवर असेलच असें नाहीं. मूळचा जो भाग काढाल तो, कितीही निरुपयोगी वाटला तरी, कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवावा.

मुदत संपण्यापूर्वीं दोन महिने कामाला लागावें. मोटार स्वच्छ धुवून स्वतः तपासावी. लहानसहान दुरुस्ती माहितीच्या कारागिराकडून करून घेणें बहुधा शेवटच्या बिलापेक्षां स्वस्त पडतें, मात्र ती कोठें करावी याविषयीं करारांत अट असल्यास ती पाळावी. आपल्या वस्तु काढून मूळच्या बसवाव्या. दुसरी किल्ली, जादा चाक, जॅक, नोंदणीचें पुस्तक, विम्याचे व सर्व्हिसचे कागद एकत्र करावे. थकलेले दंड भरावे. टोलसाठीं कांचेवर लावलेला फास्टॅग आपल्या खात्याशीं जोडलेला असल्यास बंद करून घ्यावा. मोटारीच्या पडद्यांत सांठलेले घरच्या माणसांचे दूरध्वनि क्रमांक पुसून टाकावे. तपासणीच्या वेळीं स्वतः हजर राहावें व लेखी नोंदीची प्रत मागावी. एखादा आकार अवाच्या सव्वा वाटला तर त्याचा तपशील मागण्यांत संकोच नसावा. करारभंगासाठीं आंकडा लिहिलेला असला तरी न्यायालय त्या आंकड्याच्या मर्यादेंत वाजवी तेवढीच भरपाई देतें, हें करारांच्या कायद्याच्या ७४ व्या कलमाचें सार आहे. मोटार स्वतः ठेवून घेणार असाल तर नोंदणीच्या पुस्तकांतील पट्ट्याची नोंद ३५ क्रमांकाच्या नमुन्यानें रद्द करून घ्यावी व मोटार आपल्या नांवावर करून घ्यावी. हौस भागविण्याचा खरा मुहूर्त तो.

आतां राहिलेली गोष्ट. माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात. मोटारींत चढणें तिला जड जाई. म्हणून भाच्यानें दाराखालीं एक पायरी बसविण्याचें ठरविलें. दुकानदार भला मनुष्य होता. तो म्हणाला, “साहेब, खालच्या सांगाड्याला हात लावायचा तर मला मालकाचा कागद पाहिजे.” तेव्हां कोठें भाच्यानें पट्टा देणाऱ्या कंपनीस पत्र लिहिलें. आठ दिवसांत उत्तर आलें कीं असलेल्या भोंकांतच नटबोल्टानें बसवा, नवें भोंक पाडूं नका, परत देतांना काढून घ्या. चार वर्षें त्या पायरीवर पाय ठेवून माझी बहीण मोटारींत बसली. शेवटच्या दिवशीं चार बोल्ट सैल केले आणि पायरी हातांत आली. तपासनिसानें खालीं वांकून पाहिलें, पत्र वाचलें व यादींत त्या जागीं ‘ठीक’ असें लिहिलें.

भाच्यानें पुन्हां मोटार घेतली आहे, तीही पट्ट्यानेंच. चाकें कारखान्यांतून आलीं तींच आहेत. पायरी तेवढी जुनी आहे. नव्या मोटारीला ती बसविण्यापूर्वीं त्यानें पत्र लिहिलें, आणि उत्तर येईपर्यंत तीन शनिवार आपल्या आईला हात देऊन मोटारींत बसविलें.